जुन्या एक-इंची टोपोशीटवरची घाटवाट आज चालण्यासाठी धरावी का?

घाटवाट्या

नमस्कार मंडळी. मामांकडून माझ्याकडे सर्वे ऑफ इंडियाची एक जुनी एक-इंची टोपोशीट (डोंगर, ओढे, वाटा दाखवणारा नकाशा) आली आहे, नंबर ४७ एफ/१२. म्हणजे राजगडाच्या दक्षिण-पश्चिमेचा मुलूख, घाटमाथ्याची धार आणि तिच्या पायथ्याचं थोडं कोकण. एक इंचाला एक मैल, १:६३,३६०, उंच्या सगळ्या फुटांत. घड्यांवर कापड चिकटवलंय पण छपाई अजून इतकी स्वच्छ आहे की भिंग लावलं तर एकेक ओढा मोजता येतो.

आता मुद्दा. माथ्यावरच्या एका वाडीपासून सरळ खाली कोकणातल्या एका गावापर्यंत वाटेची रेघ काढलेली आहे. बोराट्याची नाळ (नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ), सिंगापूर नाळ, मढेघाट, उपांड्या या सगळ्या मला माहीत आहेत, ही त्यातली नाही. फोनवरच्या कुठल्याच नकाशात तिथे काही दाखवत नाही आणि सॅटेलाइटवर नुसतं हिरवंगार. आम्ही चौघे पाचजण आहोत, सगळे सरावाचे. या रेघेवर विश्वास ठेवून उतरायला जावं का? आणि अशा जुन्या शीटवर नेमकं कशावर किती भरवसा ठेवायचा, ज्यांनी वापरल्यात त्यांनी जरा सविस्तर लिहा ही विनंती.

टकमक

आधी शीटबद्दल. राजगड-तोरणा-रायगड करणाऱ्यांचा जुना त्रास म्हणजे राजगड एफ/१२ वर, तोरणा एफ/११ वर आणि रायगड एफ/८ वर. एका ट्रेकला तीन शीट. महाराजांनी गड बांधताना सर्वेवाल्यांना विचारायला हवं होतं :-)

आणि फोटो टाका की राव! शीटबद्दल नुसतं लिहून कसं चालेल.

अंजनवेल

घाटवाट्या, साधा प्रश्न. इतक्या वर्षांपूर्वीची रेघ, तिच्यावर पाच माणसांनी का जायचं? सॅटेलाइट आहे, फोनमध्ये कंटूर (समान उंचीच्या रेघा) आहेत, जीपीएस आहे. जुना नकाशा फ्रेम करून भिंतीवर लावा, छान दिसतो.

जीआयएसवाली

अंजनवेल, सॅटेलाइटला झाडाखालची वाट दिसत नाही हो. सह्याद्रीच्या पदरातल्या, म्हणजे कड्याखालच्या टप्प्यावरच्या, जंगलात अजूनही मळलेल्या, रोज राबता असलेल्या वाटा आहेत ज्या वरून शून्य दिसतात. आणि फोनमधल्या ज्या कंटूरबद्दल तुम्ही बोलताय त्या बहुतेक ठिकाणी एसआरटीएम या रडार-मोजणीच्या आकड्यांवरून काढलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ऐंशी टक्के जमीन मोजली, काम अफाटच आहे, पण त्यात साधारण ३० मीटरच्या चौकटीला एकच उंची. आपला कडा दोनशे-तीनशे मीटर सरळ तुटलेला, तो अशा एक-दोन चौकटींतच बसतो आणि स्क्रीनवर गुळगुळीत उतार होऊन येतो. नाळ अरुंद असेल तर ती कधीकधी दिसतच नाही. जुन्या एक-इंची शीटवर कड्याचं रॉक-ड्रॉइंग हाताने काढलेलं असतं, समोर उभं राहून बघून काढलेलं. त्यामुळे कडा कुठे आहे हे मी आजही आधी जुन्या शीटवर बघते आणि मग फोनवर.

प्लेनटेबल

धागा बघून राहवलं नाही. मी सर्वेच्या कामात उमेदीची सगळी वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आमच्या आधीच्या पिढीबरोबर काम केल्यामुळे ही जुनी शीट कशी बनायची ते जवळून माहीत आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे त्रिकोणाच्या खुणा. शीटवर छोटा त्रिकोण आणि शेजारी उंची दिसते ना, ती ट्रिगनॉमेट्रिकल स्टेशनं. ती थिओडोलाइटने कोन मोजून गणिताने बसवलेली असतात, त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. कळसूबाईची ५४०० फूट ही उंची सगळ्यांना पाठ आहे, मीटरमध्ये ती आपली १६४६ झाली, आणि त्या आकड्यात आजवर काही मोठा फरक पडलेला नाही यातच सगळं आलं.

मग सर्वेअर त्या खुणांच्या आधाराने प्लेन-टेबल घेऊन डोंगरात जायचा. तिपाईवर लाकडी फळा, त्यावर कागद, साइट-रूल (दिशा धरायची पट्टी) आणि क्लिनोमीटर (चढ-उताराचा कोन मोजायचं साधन). तीन ओळखीची शिखरं बघून आपण उभे आहोत ती जागा कागदावर काढायची, मग तिथून ओढे, सोंडा, वाड्या यांच्या दिशा घ्यायच्या. बरोबर खलाशी, म्हणजे सर्वेचे मदतनीस गडी, असायचे, त्यातले बरेचसे त्याच भागातले. ते झाडं तोडून दृष्टीरेषा मोकळी करायचे, झेंडे लावायचे, सगळं ओझं त्यांच्याच खांद्यावर. त्यांची नावं शीटवर येत नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कंटूर. लोकांना वाटतं कंटूर म्हणजे इंच-इंच मोजलेली रेघ. प्लेन-टेबलच्या काळात तसं नव्हतं. ठराविक जागांच्या उंच्या मोजलेल्या, त्यांच्या मधल्या रेघा सर्वेअर समोरचा डोंगर बघून हाताने ओढायचा. उघड्या माळावर त्या फार छान येतात. दाट रानाच्या दरीत, जिथे सर्वेअरला समोरच्या सोंडेवरून फक्त झाडांचे शेंडे दिसले, तिथे त्या रेघा अंदाजाच्या. माथा, सोंड आणि मुख्य ओढा बरोबर असणार, पण नाळेच्या पोटातला तपशील धरू नका.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं ते उन्हाळ्यापर्यंत, पावसाळा म्हणजे रिसेस, तेव्हा ऑफिसात बसून स्वच्छ प्रती काढायच्या. म्हणजे तुमच्या शीटवर जे आहे ते कोरड्या दिवसांतलं आहे. त्या दिवसांत ज्या वाटेवर माणसं दिसली ती वाट काढली गेली.

घाटवाट्या

काका, हे सोनं आहे. कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

रानतुळस

प्लेनटेबल काकांचा पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं मांडते. या नकाशांचं कौतुक करताना ते कशासाठी काढले ते विसरू नये. फौज कुठून न्यायची, रान किती, महसूल किती, यासाठी. म्हणून त्यावर 'आरएफ' म्हणजे राखीव जंगलाची हद्द ठळक असते, पोलीस ठाणं, डाक बंगला, पोस्ट सगळं असतं. पण धनगरवाड्यांच्या गुरं न्यायच्या वाटा, कातकऱ्यांच्या मधाच्या वाटा, बायकांच्या पाण्याच्या वाटा? त्या कुठे आहेत? मी पदरातल्या वस्त्यांवर बरीच वर्षं शिकवते. शीटवर एक रेघ असते तिथे प्रत्यक्षात सहा वाटा असतात आणि सहाही आठवीतल्या पोरांना माहीत असतात. नकाशात नाही म्हणजे वाट नाही असं समजणाऱ्या शहरी लोकांना मी दरवर्षी बघते.

प्लेनटेबल

रानतुळस ताई, मान्य. एका मैलाला एक इंच कागद, त्यात सहा वाटा काढायला जागाच नसते, त्यातली मोठी धरायची असाच नियम होता. पण कोणती मोठी हे ठरवणारा बाहेरचा माणूस होता हे तुमचं म्हणणं खरं आहे. एक भर घालतो. वाड्यांची नावं मात्र आम्ही गावच्या माणसालाच विचारून लिहायचो आणि नंतर महसूल खात्याकडून तपासून घ्यायचो. त्यामुळे आज सरकारी यादीतून गेलेल्या कित्येक वस्त्यांची नावं फक्त या शीटवर उरली आहेत.

कोयनाकाठ

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय.

आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आजोबा-आजी तिथून उठून आले, आमच्या भावकीतले कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी पार ठाणे जिल्ह्यात गेले. धरणात १९६० च्या दशकात पाणी अडलं, त्यामुळे त्याच्या आधीच्या शीटवर सगळं खोरं कोरडं आहे. नदी नदीसारखी आहे, तिच्या दोन्ही काठांना गावं, शेतं, देवळं, गावांमधली गाडीवाट. आज वासोट्याला जायला बामणोलीहून लाँच लागते, त्या लाँचच्या खाली ते सगळं आहे. मी ४७ जी मधल्या जुन्या शीटच्या प्रती मिळवल्या आणि आजीसमोर ठेवल्या. तिला वाचता येत नाही. मी नुसतं सांगत गेलो, ही नदी, हा वासोटा, इथे ओढा मिळतो. तिने ओढ्यापासून सुरुवात केली आणि बोट फिरवत गेली, इथे आमचा मळा, त्याच्या वर खळं, इथून जानाईला जायची वाट. नकाशावर मळा नाही, खळं नाही, पण ओढ्याचं वळण बरोबर असल्यामुळे तिला सगळं सापडलं.

आता आमच्या वस्तीतल्या पोरांनी मिळून त्या शीटवर घरांच्या जागा लिहायचं काम घेतलंय. म्हातारी माणसं आहेत तोवर. ज्यांचं गाव मुळशी, भंडारदरा, पानशेत, वरसगाव अशा कुठल्याही धरणात गेलं असेल त्यांनी हे आजच करा, उद्यावर टाकू नका.

रानतुळस

कोयनाकाठ, वाचून गलबलून आलं. मुळशीच्या लोकांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तेव्हा कुठली गावं बुडणार आणि ती किती जवळजवळ होती, हे मला खरं समजलं ते नकाशावर बघूनच. पुस्तकात नुसती नावांची यादी असते. तुमच्या पोरांना मदत लागली तर मला निरोप करा, माणसांशी बोलून टिपणं काढायचं काम मी करू शकते.

वैदर्भी_पाऊल

सह्याद्रीवाल्यांनो, थोडं आमच्याकडेही बघा. ज्या त्रिकोणांबद्दल काका बोलले ती मोजणी १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ बेसलाइन (त्रिकोणांची पहिली, जमिनीवर मोजलेली बाजू) मोजून सुरू केली आणि दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी ओढत ओढत तो उत्तरेला आला. १८२३ मध्ये काम चालू असतानाच वारला, आणि कुठे माहितीये? आमच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. कबर तिथेच आहे. नंतर जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं आणि शिखराला नाव त्याचं मिळालं. लॅम्बटनच्या कबरीला आपल्यातल्या किती नकाशाप्रेमींनी भेट दिलीय? या एकदा, संत्री मी देतो.

टकमक

हिंगणघाट नक्की. संत्र्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय :-)

बुरूजबिट

एक तांत्रिक अडचण, जीआयएसवाली ताई किंवा काका मदत करा. माझ्याकडे याहून जुनी, एकोणिसाव्या शतकातली एक काळी-पांढरी शीट आहे, स्कॅन करून लॅपटॉपवर बसवतोय. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापलेत तेच टाकले तरी सगळा नकाशा चार किलोमीटरच्या वर पूर्वेला सरकलेला दिसतो. उत्तर-दक्षिण मात्र जवळपास बरोबर. हे काय आहे?

जीआयएसवाली

हे मद्रासचं रेखांश. जुन्या काळी सगळ्या हिंदुस्थानचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरायचे आणि त्या वेधशाळेच्या रेखांशाचाच आकडा नंतर सुधारला गेला. फरक २ मिनिटं २७ सेकंदांचा. आपल्या अक्षांशाला एक रेखांश-मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटर, त्यामुळे तुमचे चार किलोमीटर आणि वर थोडे बरोबर जुळतात. छापील रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा. बऱ्याच शीटवर समासात बारीक अक्षरात तशी टीपही असते.

आणि हे झाल्यावरही साधारण शंभर मीटरचा फरक उरेल, त्याने गोंधळू नका. जुनी शीट एव्हरेस्ट स्फेरॉइड या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणितावर आहे आणि फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या गणितावर. सॉफ्टवेअरमध्ये कल्याणपूर डेटम (जुन्या शीटचा मोजणी-आधार) निवडला की तोही जातो. घाटवाट्या, हे तुमच्यासाठी पण आहे. शंभर मीटर माळावर काही नाही, पण घाटाच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे शेजारची नाळ!

बुरूजबिट

बसला! ओढा ओढ्यावर आला. धन्यवाद ताई, दोन रविवार गेले होते यात.

अंजनवेल

एक शंका. हे असे नकाशे स्कॅन करून नेटवर टाकणं कायद्यात बसतं का? पूर्वी तर म्हणे टोपोशीट मिळायलाच परवानगी लागायची.

प्लेनटेबल

किनारपट्टी आणि सीमेलगतच्या पट्ट्यातल्या शीट 'रिस्ट्रिक्टेड' असायच्या, त्यात आपल्या घाटाच्या बऱ्याच यायच्या. २००५ च्या नकाशा धोरणात नागरिकांसाठी ओपन सिरीज आणि लष्करासाठी डिफेन्स सिरीज अशी वाटणी झाली. २०१७ मध्ये ओपन सिरीजचे नकाशे नेटवरून उतरवून घ्यायची सोय आली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम आणखी खूप सैल केले. सरकारी प्रकाशनाचा कॉपीराइट साठ वर्षांचा. तरी माझा सल्ला असा की शीटवर 'रिस्ट्रिक्टेड' छापलेलं असेल तर पूर्ण शीट जाहीर टाकू नये, अभ्यासापुरती वापरावी.

पदरातली_पायवाट

इतकं सगळं वाचलं, पण घाटवाट्याच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही अजून. मी महाड तालुक्यातला, घाटाच्या पायथ्याचा. आमच्याकडच्या वाटा कशावर जगायच्या सांगतो. मीठ आणि सुकी मासळी वर जायची, वरून धान्य-कडधान्य खाली यायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण वाटेला खरा राबता असायचा तो सोयरिकीचा. कोकणातली लेक घाटावर, घाटावरची लेक कोकणात. लग्न, बारसं, दिवस, जत्रा, माहेरपण, वर्षभर कोणी ना कोणी वाटेवर. यष्टी आली, वरंध्याचा रस्ता पक्का झाला, तसं लोक फिरून जायला लागले, मग नव्या पोरींची लग्नं पुण्या-मुंबईकडे व्हायला लागली आणि वाटा बुजल्या. त्यामुळे गावात जाऊन "इथून वाट आहे का" असं विचारू नका, उत्तर नेहमी "नाय" येणार, तुमच्या काळजीपोटी. विचारा की या गावात वरच्या वाडीतली सून कोण आहे. ती म्हातारी सापडली की वाट सापडली. कुठे पाणी, कुठे ओझं उतरवायचा कातळ, कुठे पोराला पाठीवर घ्यायचं, सगळं सांगते.

रानतुळस

हे उत्तर फार आवडलं. अगदी असंच आहे.

प्लेनटेबल

घाटवाट्या, आता तुम्ही एक काम करा. ती रेघ कोणत्या प्रकारची आहे ते शीटच्या तळाला खुणांची यादी असते तिच्याशी भिंग लावून ताडून बघा. गाडीवाट, पॅक-ट्रॅक आणि फूटपाथ या तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत. पॅक-ट्रॅक असेल तर तिथून लादलेला बैल जात होता, म्हणजे हाताने धरून उतरायची जागा वाटेत नसणार. फूटपाथ असेल तर माणूस जात होता इतकंच कळतं. आणि आपल्याकडचा माणूस कातळात खोदलेल्या खोबण्यांतून डोक्यावर ओझं घेऊन जातो.

घाटवाट्या

काका, ताडलं. फूटपाथ आहे. आणि अजून एक, रेघ माथ्यावरून अर्ध्यापर्यंत सोंडेवरून जाते आणि मग नाळेत शिरते. तिथे कंटूर जवळजवळ आहेत पण एकमेकांना चिकटलेले नाहीत, कड्याची खूण पण नाही.

जीआयएसवाली

चिकटलेले नाहीत यावर जाऊ नका हं. एक-इंची शीटवर कंटूर साधारण ५० फुटांचे असतात, नंतरच्या १:५०,००० वर २० मीटरचे. म्हणजे चाळीस फुटांचा उभा कातळटप्पा दोन रेघांच्या मध्ये पूर्ण लपतो, नकाशावर त्याचा मागमूस नसतो. नाळेतले धबधब्याचे टप्पे नेमके याच मापाचे असतात. घाटात लोक अडकतात ते दोनशे मीटरच्या कड्यावर नाही, कारण तो लांबूनच दिसतो. अडकतात ते या चाळीस फुटांवर.

टकमक

+१. हे ठळक करून धाग्याच्या वर लावा कुणीतरी.

अंजनवेल

बरं, शीट फ्रेम करू नका, वापरा. पण मग उत्तर काय? जायचं का नाही?

पदरातली_पायवाट

जायचं, पण उतरायला नाही, चढायला. अनोळखी नाळ कधीही खालून वर करायची. वर जाताना टप्पा आडवा आला तर आल्या वाटेने मागे फिरता येतं. उतरताना एक टप्पा कसाबसा उतरलात, खाली दुसरा त्याहून मोठा निघाला, आणि पहिला परत चढता येत नाही, मग रात्र तिथेच. शिवाय खालून गेलात तर आदल्या रात्री गावात मुक्काम पडतो, माणसं भेटतात, आणि कुणीतरी कोयता घेऊन अर्ध्यापर्यंत बरोबर येतंच. पावसाळ्यात अजिबात नाही. दिवाळीनंतरही गवत कमरेएवढं असतं, दगड दिसत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी धरा, वणव्याच्या आधी. पाणी मात्र सगळं खालूनच भरून घ्या, शीटवरच्या निळ्या रेघेला भुलू नका.

प्लेनटेबल

बरोबर. आणि नाळेत शिरायच्या आधीची जी सोंड आहे ती वरूनही एकदा बघून ठेवा. दोन्ही बाजूंनी वाट ताडली की मधला तुकडाच फक्त अनोळखी उरतो.

घाटवाट्या

ठरलं मग. या महिन्यात वरच्या वाडीत जाऊन सोंड बघून येतो आणि तिथेच कोकणात दिलेल्या लेकींची चौकशी करतो. मग फेब्रुवारीत खालून. रोप बरोबर असेल. पदरातली_पायवाट, खालच्या गावाचं नाव तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलंय, तिथे कुणी ओळखीचं आहे का बघा.

पदरातली_पायवाट

बघितलं. आमच्या चुलत आत्याचं सासर शेजारच्याच वाडीत आहे. शनिवारी जाऊन विचारून येतो, नंतर फोन करतो.

कोयनाकाठ

एक जागा माझ्यासाठी ठेवा. आणि तिथे जी नावं कळतील, कातळांची, पाणवठ्यांची, ती लिहून घ्यायला वही मी आणतो.